वाचकांचे प्रश्न: व्हॉयनिच हस्तलिखितातली वर्तुळं आणि नकाशे कसे वाचायचे?

या वेळच्या पत्रांमध्ये लिपीपेक्षा चित्रांबद्दलचे प्रश्न जास्त आहेत, तेही गोल आकृत्या आणि नकाशासारख्या पानांबद्दलचे. नव्या वाचकांसाठी थोडक्यात ओळख. व्हॉयनिच हस्तलिखित अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या बायनेके ग्रंथालयात ‘एमएस ४०८’ या क्रमांकाखाली ठेवलेलं आहे. ग्रंथविक्रेते विल्फ्रिड व्हॉयनिच यांनी ते १९१२ मध्ये इटलीतल्या जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंकडून विकत घेतलं. अरिझोना विद्यापीठातल्या रेडिओकार्बन चाचणीनुसार त्याचं चामडं १४०४ ते १४३८ या काळातलं आहे. त्यातला मजकूर आजवर कोणालाही वाचता आलेला नाही. खाली दिलेलं सगळं म्हणूनच रेघा, मोजदाद, रंग आणि मांडणी यांवर उभं आहे.

प्रश्न : येलच्या संकेतस्थळावरून पानं उतरवून घेतली, पण एकाच क्रमांकाची तीन-तीन पानं दिसतात आणि मध्येच क्रमांक गाळलेले आहेत. सुरुवात कुठून करू? (पुणे)

इथे क्रमांक पानाच्या एका बाजूला नसतो, अख्ख्या पानाला असतो. या पानाला फोलिओ म्हणायचं. त्याची पुढची बाजू ‘आर’ आणि मागची ‘व्ही’. घडीचं पान असेल, तर प्रत्येक पटाला पुन्हा १, २, ३ असे आकडे मिळतात. म्हणजे ‘६८आर३’ हा ६८व्या फोलिओच्या पुढच्या बाजूचा तिसरा पट. काही घड्यांच्या बाबतीत ग्रंथालयाचे क्रमांक आणि अभ्यासकांचे क्रमांक जुळत नाहीत. म्हणून टिपण काढताना क्रमांकाशेजारी ‘मध्ये चंद्राचा चेहरा, एका खणात सात तारे’ अशी एका ओळीची ओळख लिहून ठेवा. दोन महिन्यांनी तीच उपयोगी पडते.

कोपऱ्यातले आकडे मूळ लेखकांचे नाहीत, ते नंतरच्या हातचे आहेत. शेवटचा आकडा ११६ आहे आणि त्यातले १४ फोलिओ आज नाहीत: १२, ५९ ते ६४, ७४, ९१, ९२, ९७, ९८, १०९ आणि ११०. आकडे पडले तेव्हा ही पानं जागेवर होती, नंतर गेली, असा याचा सरळ अर्थ. आकाश आणि विश्वाच्या आकृत्यांचा मुख्य गठ्ठा ६७ ते ७३ मध्ये आहे, म्हणजे हरवलेल्या ७४च्या अगदी अलीकडे. गोल आकृत्यांची कुठलीही मोजदाद करताना हे पोकळ दात लक्षात ठेवावे लागतात.

सगळ्यात मोठ्या आकाराची फाइल घ्या आणि घडीची पानं किमान ए-३ कागदावर छापा. त्यावर बटर पेपर ठेवून आधी फक्त शाईच्या रेघा उतरवा, रंग नको. मग मजकुराच्या ओळी वेगळ्या कागदावर घ्या. गोलात लिहिलेला मजकूर कुठे सुरू होतो हे अनेकदा कळत नाही. रेघ, रिकामी जागा किंवा वेगळं चिन्ह दिसलं तर तिथे खूण करा. काहीच नसेल तर ‘आरंभ ठाऊक नाही’ असं लिहा. अंदाजाने ठरवलेला आरंभ पुढच्या सगळ्या मोजणीत शिरतो आणि मग तो बाहेर काढणं अवघड जातं.

प्रश्न : ‘टी-ओ’ नकाशा म्हणजे काय? या ग्रंथात तो कुठे आहे आणि तो खरंच नकाशा आहे हे कसं पडताळायचं? (कोल्हापूर)

वर्तुळ म्हणजे जगाला वेढणारा महासागर, हा झाला ‘ओ’. आतल्या दोन रेघांचा ‘टी’ जमिनीचे तीन भाग करतो. पूर्व दिशा वर असते. वरचा अर्धा भाग आशिया, खाली डावीकडे युरोप आणि खाली उजवीकडे आफ्रिका. आडव्या रेघेचा डावा हात म्हणजे डॉन नदी, उजवा हात नाईल आणि उभा दांडा भूमध्य समुद्र. स्पेनमधल्या सेव्हिलचा बिशप इसिडोर याचं सातव्या शतकातलं लेखन मध्ययुगात सतत नकलून घेतलं गेलं आणि ही आकृती त्याच्याबरोबर सगळीकडे पोचली. १४७२ मध्ये ऑग्सबर्गला छापलेल्या त्याच्या प्रतीतला असा नकाशा हा युरोपातला पहिला छापील नकाशा मानला जातो. याच पद्धतीचं भरलेलं, मोठं रूप म्हणजे १३००च्या सुमाराचा इंग्लंडमधल्या हेरफर्डचा नकाशा. तो १.५८ मीटर उंच आणि १.३३ मीटर रुंद आहे आणि त्याच्या मध्यभागी जेरुसलेम आहे.

व्हॉयनिचमध्ये हा आकार निदान दोन ठिकाणी ओळखू येतो: ६८व्ही३ या पटाच्या मध्यभागी आणि नऊ वर्तुळांच्या मोठ्या घडीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात.

पडताळणी अशी करा. आकृती बटर पेपरवर उतरवा. तीन भागांपैकी एक साधारण अर्धा आणि उरलेले दोन पाव-पाव आहेत का, ते पाहा. तिन्ही भाग सारखे असतील, तर ती टी-ओ नव्हे. मग न विभागलेला अर्धा भाग वर येईल असा कागद फिरवा आणि या स्थितीत भोवतालची अक्षरं सरळ दिसतात की उलटी, हे लिहून ठेवा. घडीच्या कोपऱ्यातली आकृती सरळ धरलेल्या पानात उलटी पडते. बरेच जण इथे घाईने ‘आशिया खाली, म्हणजे दक्षिण वर’ असा निष्कर्ष काढतात. पण त्या घडीवर मजकूर चहूकडून फिरवत लिहिलेला आहे, तेव्हा मुळात वर कुठलं हेच आधी ठरवावं लागतं.

आणखी एक अडचण मोठी आहे. पंधराव्या शतकापर्यंत हा आकार नकाशापुरता उरला नव्हता. चित्रांत देवाच्या किंवा राजाच्या हातात जो गोल असतो, तोही असाच तीन भागांचा काढत, आणि त्यात कधी जमीन, पाणी, आकाश रंगवलेलं असे. ग्रहगोलांच्या आकृतीत तर मधली टी-ओ ही फक्त ‘इथे पृथ्वी आहे’ एवढं सांगणारी खूण असते. ६८व्ही३ मधली आकृती आम्हाला याच प्रकारची वाटते. तिच्याभोवती ढगाच्या कडेसारखी नागमोडी रेघ आहे आणि तारे आहेत. १३७७च्या सुमाराला फ्रेंच विद्वान निकोल ओरेमने फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स याच्यासाठी लिहिलेल्या खगोलग्रंथाची एक प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिच्यातल्या एका चित्रातही मध्ये तीन भागांची पृथ्वी, भोवती तारे आणि बाहेर नागमोडी ढगकड असा तिहेरी संच दिसतो. तिन्ही गोष्टी एकत्र आणि त्याच क्रमाने आल्या, म्हणून या साम्याला वजन आहे. नुसती टी-ओ जुळली असती तर नसतं.

प्रश्न : ६८व्ही३ या पटावरचं सर्पिल म्हणजे देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका, असं वाचलं. मध्ययुगात दुर्बीण होती का? (सोलापूर)

नव्हती, आणि ते चित्र देवयानीचं नाही. हा दावा १९२१ मध्ये अमेरिकन प्राध्यापक विल्यम न्यूबोल्ड यांनी केला. लिपी उलगडली आणि ग्रंथ तेराव्या शतकातल्या रॉजर बेकन या इंग्रज विद्वानाचा आहे, असं ते मानत होते. १९३१ मध्ये अभ्यासक जॉन मॅन्ली यांनी न्यूबोल्ड यांची उकल खोडून काढली आणि पुढे चामड्याच्या चाचणीने बेकनचा प्रश्नच मिटवला.

चित्रापुरतं बोलायचं तर एक गोष्ट पुरेशी आहे. देवयानी आपल्याला तिरकी दिसते, लांबट अंडाकृती डागासारखी. दहाव्या शतकात पर्शियन खगोलज्ञ अल सूफीने तिची नोंद लहानसा ढग अशी केली, आणि डोळ्यांना ती आजही तशीच दिसते. तिचं सर्पिल रूप १८८०च्या दशकातल्या फोटोंमुळे कळलं. पृथ्वीवरून पाहणाऱ्या कुणालाही ती समोरून पाहिलेल्या गोल भोवऱ्यासारखी काढता येणार नाही. हस्तलिखितातल्या वळणदार पट्ट्यांत आलटून-पालटून मजकूर आणि तारे आहेत. त्या पट्ट्या म्हणजे पान विभागण्याची, खण पाडण्याची रीत आहे.

प्रश्न : नऊ वर्तुळांचं मोठं घडीचं पान खऱ्या ठिकाणाचा नकाशा आहे का? कुणी मिलान म्हणतं, कुणी ज्वालामुखीचं बेट. (मडगाव)

हे पान ८५-८६ या फोलिओंचं. उघडलं की साध्या सहा पानांएवढं होतं. तीन ओळींत तीन-तीन अशी नऊ वर्तुळं आहेत आणि ती वाटांसारख्या किंवा पुलांसारख्या पट्ट्यांनी जोडलेली आहेत. मधल्या वर्तुळात मनोऱ्यांसारखे सहा उंच आकार आणि तारे. वरच्या उजव्या वर्तुळात किल्ला, त्याच्या तटाला पाकोळीच्या शेपटीसारखे दुभंगलेले चर्यांचे दात. कोपऱ्यांकडे पाहा: वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात सूर्य, वरच्या उजव्या कोपऱ्यात टी-ओ, खालच्या डाव्या कोपऱ्यात घड्याळाच्या तबकडीसारखी आकृती.

बहुतेक दावे किल्ल्यापासून सुरू होतात. तसे दात उत्तर इटलीत खूप आहेत हे खरं. पण ते आल्प्सच्या पलीकडेही सापडतात आणि चित्रकार ते कुठल्याही किल्ल्याला लावू शकत होता. त्यावरून फार तर एवढंच म्हणता येईल, की चित्रकाराला ही शैली माहीत होती. तिथून थेट एखाद्या शहराचं नाव घेणं म्हणजे मधल्या चार पायऱ्या गाळणं. २०१९ मध्ये एका संशोधकाने हे पान भूमध्य समुद्रातल्या ज्वालामुखीच्या उद्रेकानंतरच्या बचावाचा नकाशा ठरवलं होतं. त्यावर तज्ज्ञांची टीका आली आणि ब्रिस्टल विद्यापीठाने आधी दिलेली प्रसिद्धी मागे घेतली.

आम्ही या पानाकडे कोपऱ्यांकडून आत जाण्याची शिफारस करू. दोन सूर्य समोरासमोरच्या कोपऱ्यांत आहेत. ते उगवता आणि मावळता धरले, तर पूर्व-पश्चिम रेषा पानावर कर्णातून जाते. टी-ओ म्हणजे पृथ्वी धरली, तर तिच्यासमोरच्या कोपऱ्यातल्या तबकडीला काळ किंवा आकाश असा काही अर्थ असू शकतो. हे गृहीतक आहे, पण तपासता येण्याजोगं.

त्यासाठी तीन तक्ते करा. पहिल्यात कुठलं वर्तुळ कुठल्याला जोडलंय आणि जोडपट्टी दोन्हीकडे उघडी आहे की एका टोकाला बंद, हे लिहा. दुसऱ्यात प्रत्येक इमारतीचा शेंडा पानाच्या कुठल्या बाजूला आहे, ते बाणाने दाखवा. मध्ययुगीन नगरचित्रात घरं वाटेच्या दोन्ही बाजूंना बाहेर पडल्यासारखी काढत. बाण विखुरलेले निघाले, तर पान फिरवत वाचायचं होतं, असा अर्थ निघतो. तिसऱ्यात प्रत्येक वर्तुळाची पोत लिहा: नळ्या, खवले, पाकळ्या, तारे, ठिपके.

मग तुमचं गृहीतक या तिन्ही तक्त्यांसमोर ठेवा. ‘हे खरं शहर आहे’ असं म्हणत असाल, तर वर्तुळांची चौकोनी सरळ मांडणी का, याचं उत्तर द्यावं लागेल, कारण खरी गावं अशी बसत नाहीत. ‘ही विश्वरचना आहे’ म्हणत असाल, तर एका कोपऱ्याकडेच इतका तपशीलवार किल्ला का, हे सांगावं लागेल. दोन्ही मिसळलेलं असणं मध्ययुगाला मुळीच परकं नव्हतं. हेरफर्डच्या नकाशात स्वर्गाची बाग आणि खरी शहरं एकाच चामड्यावर आहेत.

एक सावधगिरी. घडीच्या रेघांवर शाई आणि रंग झिजलेले आहेत. स्क्रीनवर ‘वाट इथे तुटते’ असं दिसलं, तर आधी तिथून घडी जाते का ते पाहा.

प्रश्न : पंचांगाचं काम करतो, म्हणून राशीचक्रांची पानं लक्ष देऊन पाहिली. सुरुवात मीनेपासून का? प्रत्येक राशीत ३० बायका आहेत, त्या अंश समजायच्या की तिथी? (नाशिक)

मोजदादीपासून सुरू करू. मीनेत २९ आकृत्या आहेत. मेष आणि वृषभ दोन-दोन चक्रांत विभागलेल्या, प्रत्येकी १५ आणि १५. मिथुनेपासून धनूपर्यंत ३०-३०. मकर आणि कुंभ नाहीत. कापून नेलेल्या ७४व्या फोलिओवर त्या असणार, हे मांडणीवरून उघड आहे. राशीचिन्हाजवळ महिन्यांची नावं आहेत, ती वाचता येतात, आणि ती नंतरच्या हाताने रोमान्स, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या, भाषेत लिहिलेली आहेत. मीनेपाशी ‘मार्स’, म्हणजे मार्च.

त्या काळच्या ज्युलियन कालगणनेत सूर्य साधारण १०-११ फेब्रुवारीला मीनेत आणि ११-१२ मार्चला मेषेत जाई. मार्च सुरू होताना सूर्य मीनेतच, म्हणून मीन-मार्च ही जोडी चूक नाही. त्यातून युरोपात काही ठिकाणी वर्षच मार्चमध्ये सुरू होई: व्हेनिसला १ मार्चला, फ्लॉरेन्सला २५ मार्चला. म्हणून ग्रंथ व्हेनिसचा ठरत नाही, पण मीनेपासूनची सुरुवात चमत्कारिक उरत नाही.

तुमच्या हातच्या पंचांगामुळे एक चूक सहज होईल. आपलं पंचांग निरयन, म्हणजे राशी स्थिर ताऱ्यांवरून मोजणारं; युरोपचं गणित सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजणारं. दोन्हींतला फरक, म्हणजे अयनांश, आज सुमारे २४ अंश आहे, तेव्हा तो १६च्या आसपास होता. इथल्या राशींवर आपल्या संक्रांती बसवल्या, तर सगळंच अर्ध्या महिन्याहून जास्त सरकतं.

अंश की तिथी? ३० हा आकडा अंशांना चपखल बसतो, आणि राशीच्या प्रत्येक अंशाला स्वतंत्र आकृती देणारी ज्योतिषचित्रं मध्ययुगीन युरोपात होती. १५-१५ चे भाग पाहून शुक्ल-कृष्ण पक्ष आठवणं आपल्याकडे साहजिक आहे, पण बाकीच्या राशी तशा तोडलेल्या नाहीत आणि मीनेच्या २९ ने तिथीचा हिशेब बिघडतो. आमचा कल अंशांकडे आहे. चांद्र मोजणीचा शोध घ्यायचाच असेल, तर ६८आर३ पाहा. तिथे मध्ये चंद्र आहे, एका खणात सात ताऱ्यांचा पुंजका आहे, आणि तो कृत्तिकांचा असावा हे बहुतेकांना मान्य आहे.

प्रश्न : ही वर्तुळं जैन ग्रंथांतल्या जंबूद्वीपाच्या चित्रांसारखी दिसतात. संबंध असेल का? (इंदूर)

मोजून पाहा, उत्तर लगेच मिळतं. जंबूद्वीप मध्ये, व्यास १ लाख योजनं, मध्यभागी मेरू. त्याभोवती २ लाख योजनं रुंदीचा लवणसमुद्र, मग ४ लाखांचं धातकीखंड. प्रत्येक कडं आधीच्या दुप्पट. चित्रकार हे प्रमाण नेमकं पाळत नाही, पण द्वीप-समुद्र-द्वीप हा क्रम, आडवे जाणारे पर्वत आणि दक्षिणेला भरतक्षेत्र या खुणा तो सोडत नाही. व्हॉयनिचच्या कुठल्याच चक्रात हा संच नाही. चेहरे असलेले सूर्य-चंद्र, नागमोडी ढगकड, टी-ओ, राशीचिन्हांचा पेहराव हे सगळं युरोपीय आहे. धनू तर तिथे अर्धा घोडा नसून हातात यांत्रिक धनुष्य घेतलेला माणूस आहे, जर्मन प्रदेशातल्या काही पंचांगांत असतो तसा. एका केंद्राभोवती कडी काढणं जगभर सर्वांनाच सुचलेलं आहे. त्यावर नातं जोडता येत नाही.

प्रश्न : चार माणसं असलेल्या चक्रात तीच चिन्हं पुन्हा-पुन्हा येतात. ती लिपीची किल्ली असेल? (ठाणे)

ते पान ५७व्ही. एका कड्यात १७ चिन्हांची मालिका चार वेळा येते, एकूण ६८. चार माणसं आणि चार आवर्तनं, म्हणजे मांडणी चौपदरी आहे हे नक्की. ऋतू, दिशा, मूलतत्त्वं, वारे, काहीही असू शकेल. यातली काही चिन्हं इतर मजकुरात क्वचितच येतात, त्यामुळे हे कडं वर्णमाला धरून लिपी सोडवायला गेलं की गाडी तिथेच अडते. मोजताना जोडून लिहिलेली चिन्हं एक धरायची की दोन, हे आधी ठरवा आणि चारही आवर्तनांना तोच नियम लावा.

प्रश्न : निळा भाग म्हणजे पाणी, असं धरून चालेल का? (अकोला)

नाही. प्रयोगशाळेतल्या तपासणीत शाई लोहयुक्त निघाली, निळा रंग अझुराइट या तांब्याच्या खनिजाचा आणि हिरवा तांब्याच्या संयुगांचा. रेघा काळजीने काढलेल्या आणि रंग मात्र अनेक ठिकाणी रेघेबाहेर सांडलेला. रंग दुसऱ्या हाताने, कदाचित नंतर भरला असण्याची शक्यता त्यामुळे मोठी आहे. समोरच्या पानावर उमटलेले डागही असतात. ते खरे रंग समजून मोजू नका.

प्रश्न : टी-ओच्या तीन भागांत आशिया, युरोप, आफ्रिका ही नावं असणारच. मग तिथून लिपी सुटायला काय हरकत? (नागपूर)

कल्पना योग्य आहे, म्हणून तिची नीट कसोटी घ्या. ‘आशिया’ आणि ‘आफ्रिका’ ही लॅटिन नावं ‘ए’ने सुरू होऊन ‘ए’नेच संपतात, ‘युरोपा’ही ‘ए’ने संपतं. म्हणजे तिन्ही खणांतल्या शब्दांचं शेवटचं चिन्ह एक हवं आणि त्यांपैकी दोघांचं पहिलंही तेच हवं. अडचण अशी, की या ग्रंथातले असंख्य शब्द ९ सारख्या एकाच चिन्हाने संपतात. शेवट जुळला, तरी हाती काही लागत नाही. जुळणी शोधायची ती शब्दाच्या सुरुवातीला, आणि तेच चिन्ह दोन्ही टोकांना आहे का, हेही बघायचं.

त्यातून खणात एकापेक्षा जास्त शब्द असतील, तर कुठला शब्द नाव आहे हे ठरवणं आपल्या हातात येतं आणि तिथेच मनाजोगतं उत्तर शिरतं. खणात खंडांऐवजी बायबलमधल्या नोहाच्या मुलांची नावं असू शकतात: शेम, हाम, याफेत. किंवा जमीन, पाणी, हवा. तिन्ही याद्या आधी कागदावर लिहा, प्रत्येकीसाठी पहिलं-शेवटचं अक्षर कसं जुळायला हवं ते मांडा आणि मगच हस्तलिखित उघडा. दोन्ही टी-ओंना एकच यादी, एकाच नियमाने लागली पाहिजे. एकीला लागून दुसरीला लागत नसेल, तर ती यादी बाजूला ठेवून पुढची घ्या.